परिपत्रक क्रमांक चौदा आणि सदर श्वान

"माणूस असो, संस्था असो किंवा राष्ट्र असो, त्याचं खरं रूप बाहेरून कधीच कळत नाही. ते आतून पाहावं लागतं," असं उल्हास उपासनी धीरगंभीर आवाजात म्हणाले.

हे विधान त्यांनी ज्याला उद्देशून केलं होतं, तो त्या वेळी एक पाय आढ्याकडे करून स्वतःला नको तिथे चाटण्यात गढलेला होता. विधान संपल्यावर त्याने मान वर केली, उपासन्यांकडे क्षणभर पाहिलं आणि आपलं काम पुढे चालू केलं. उपासन्यांना याचं वाईट वाटलं नाही. चौतीस वर्षं केंद्र सरकारात काढलेली होती. सहसचिवही त्यांचं म्हणणं असंच ऐकून घेत. पाय तेवढा खाली असे.

स्थळ होतं गाझियाबादमधला कुत्र्या-मांजरांचा एक दवाखाना. उपासनी राहायला मयूर विहारमध्ये. तिथे असे तीन दवाखाने आहेत आणि त्यांतला एक तर सोसायटीच्या फाटकासमोरच. तरीही ते ऑटो करून, दिल्लीची हद्द ओलांडून, एका कुत्र्यासह परराज्यात आले होते. कारण त्यांना इथे कोणी ओळखत नव्हतं, आणि ओळखू नये अशी त्यांची इच्छा होती. याच्या मुळाशी होतं परिपत्रक क्रमांक चौदा.

उपासनी अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. घरी बसवेना म्हणून सोसायटीचे सचिव झाले, आणि आयुष्यभर मागे लागलेला 'अवर' एकदाचा सुटला. त्या आनंदात त्यांनी जी परिपत्रकं काढली त्यांतलं चौदावं असं: 'सोसायटीच्या आवारात वावरणारे तपकिरी श्वान (यापुढे सदर श्वान) यास कोणीही आवारात खाद्यपदार्थ देऊ नयेत. सदर श्वान कोणाच्याही मालकीचे नाही.' मसुदा हिंदीत होता, पण 'सदर' हे उपासन्यांचं मराठी वळण. सोसायटीतल्या हिंदी मंडळींना वाटलं, साहेबांनी कुत्र्याला नाव ठेवलं. त्या दिवसापासून सगळे त्याला सदर म्हणू लागले आणि हाक मारली की तो येऊही लागला.

परिपत्रकात 'आवारात' असा शब्द होता, हे महत्त्वाचं. दुधाचा बूथ आवाराबाहेर होता, फाटकापासून अकरा फुटांवर. उपासन्यांनी ते अंतर मोजून घेतलं होतं. गेली तीन वर्षं रोज सकाळी दूध आणायला गेले की बूथच्या मागच्या बाजूला ते सदरला दोन ग्लुकोज बिस्किटं देत. एक हातातून आणि एक हवेत उडवून. हवेतलं सदर असं झेलायचा की उपासनी आजूबाजूला कोणी नाही हे पाहून हलकीशी टाळी वाजवत. यात परिपत्रकाचा कुठेही भंग होत नव्हता. शब्द त्यांनीच तर निवडले होते.

गेल्या आठवड्यात हवेतलं बिस्किट जमिनीवर पडलं. दुसऱ्या दिवशीही पडलं. तिसऱ्या दिवशी सदरने ते नुसतं हुंगलं आणि उपासन्यांकडे असं पाहिलं, जणू चूक त्याचीच होती. त्याचं पोट फुगल्यासारखं दिसत होतं आणि चार पावलं चालला की धाप लागत होती. उपासनी दूध न घेताच घरी परतले. हेमलताबाईंनी चहाचं आधण गॅसवरून उतरवलं आणि म्हणाल्या, "दाखवून आणा त्याला. मी नाही सांगणार कोणाला."

"कोणाला म्हणजे? मी कोण त्याचा?"

"तेच म्हणतेय. नाही सांगणार."

तर दवाखान्यात फॉर्म भरायचा होता. पेशंटचं नाव: सदर. पुढचा रकाना होता 'ओनर'. उपासन्यांनी पेन काढलं आणि आपल्या सुवाच्य इंग्रजी अक्षरात 'नॉट अॅप्लिकेबल' असं लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने ते संगणकात जसंच्या तसं घातलं. संगणकाने 'नॉट' हे नाव धरलं, 'अॅप्लिकेबल' हे आडनाव, आणि दवाखान्याच्या रिवाजाप्रमाणे मालकाचं आडनाव पेशंटला लावून टाकलं. दहा मिनिटांनी पुकारा झाला: "सदर अॅप्लिकेबल! सदर अॅप्लिकेबल कौन है? नॉट जी, आप अंदर आ जाइए."

नॉटजी उठले. सदर उठेना. उपासनी खाली वाकून हळूच म्हणाले, "ऊठ रे, शहाणा ना तू?"

"अय्या, काका, तुम्ही मराठी?" आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "मी रेवती. सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये वाढले. बाबापण सेंट्रल गव्हर्नमेंट!"

परराज्यात जाऊन मिळवलेली अनामिकता साडेअकरा मिनिटं टिकली.

रेवती तिशीची, हसरी, हातांनी भराभर काम करणारी मुलगी होती. तिने सदरचं पोट चाचपलं आणि एका जागी तिची बोटं थांबली. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण तीच जागा तिने पुन्हा दोनदा दाबून पाहिली, आणि उपासन्यांच्या ते लक्षात आलं.

"इथे हार्ड लागतंय काहीतरी. स्प्लीन असेल."

"प्लीहा," उपासनी म्हणाले.

"ते काय असतं?"

"स्प्लीन."

"अच्छा." तिने मान डोलावली. "सोनोग्राफी करू आणि एक्स-रे. गाठ असली तर ती कधीपण फुटू शकते, आतल्या आत ब्लीडिंग होतं. म्हणून उशीर नको. उद्या सकाळी आणा. पण पोट बिल्कुल रिकामं हवं, बारा तास. आत जेवण आणि गॅस असला ना काका, की त्यामागचं काही दिसत नाही."

"त्याची काळजी नको," उपासनी म्हणाले. "आमच्याकडे त्याला कोणीच खायला घालत नाही. तसं परिपत्रक आहे."

रेवतीने सदरच्या गोलमटोल कुल्ल्यांकडे पाहिलं आणि चिठ्ठीवर 'बारा तास'च्या खाली दोन रेघा ओढल्या.

खरी पंचाईत ऑटोत बसल्यावर उपासन्यांच्या ध्यानात आली. सदरला अख्खी सोसायटी खायला घालते, हे त्यांना ठाऊक होतं. पण अधिकृतरीत्या कोणीच घालत नव्हतं. आणि जो माणूस देतच नाही, त्याला 'आज देऊ नका' असं सांगायचं कसं?

तरी त्यांनी संध्याकाळी प्रयत्न केला. पहिल्या मजल्यावरच्या बंगाली बाई म्हणाल्या, "हम? कभी नहीं!" त्यांच्या दाराबाहेर एक रिकामी वाटी होती, तिच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. तळमजल्यावरचं केरळी जोडपं तर दुखावलंच. चौथ्या मजल्यावर दीनानाथ खांबेटे राहत. ऑडिटमधून निवृत्त, विधुर, केकमध्ये अंडं नाही ना हे दोनदा विचारून मगच वाढदिवसाला टाळ्या वाजवणारे. परिपत्रक क्रमांक चौदा त्यांच्याच अकरा तक्रारपत्रांमुळे जन्माला आलं होतं.

"उपासनी, परिपत्रक तुमचंच आहे," खांबेटे दारातूनच म्हणाले. "ते पाळलं जात नाही, असं तुम्हाला लेखी म्हणायचंय का?"

"छे छे."

"मग प्रश्नच मिटला."

शेवटी उपासन्यांनी व्हॉट्सअॅपवर संदेश टाकला: 'परिपत्रक क्र. १४ आज सायंकाळी सात ते उद्या सकाळी नऊ या वेळेत विशेष काटेकोरपणे पाळावे.' तेवीस जणांनी अंगठे वर केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवतीने सदरला पाळण्यासारख्या खोलगट गादीवर उताणं झोपवलं, पोटावरचे केस भादरले, गार जेली लावली आणि यंत्राचं टोक फिरवलं. पडद्यावर करडं-पांढरं धुकं दिसलं. तिने टोक इकडून दाबलं, तिकडून दाबलं. धुकं हललं नाही.

"काका," ती म्हणाली, "उपाशी ठेवलं होतं ना?"

"कडक."

"आत पार्टी चालू आहे."

मग एक्स-रे. सदरला धरायला ओळखीचा माणूस हवा, म्हणून उपासन्यांना शिशाचा जाड एप्रन चढवण्यात आला. तो इतका जड होता की त्यांचे गुडघे वाकले. सरकारी नोकरीत इतका भार त्यांच्या अंगावर कधीच पडला नव्हता. तो नेहमी पुढच्या टेबलावर सरकवण्याची सोय असे. त्यांनी सदरचे पुढचे पाय धरले. सदरने नाक त्यांच्या मनगटावर टेकवलं आणि अजिबात हलला नाही. नाक कोरडं आणि गरम होतं.

छातीचा फोटो स्वच्छ आला. पोटाच्या फोटोत काही बोध होईना. फक्त भरगच्च जठर, आणि त्यात मधोमध, अगदी पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखी स्पष्ट, कोंबडीच्या तंगडीची नळी.

"नॉनव्हेज कोण देतं?" रेवतीने विचारलं. "शिजलेलं हाड फार डेंजरस असतं, काका. ही विरघळेल, पण पुन्हा नको. आणि उद्या परत यायला लागेल. उपाशी. प्लीज. परवापर्यंत थांबायची माझी तयारी नाही."

घरी येऊन उपासन्यांनी हेमलताबाईंना विचारलं. त्यांनी आधी पदर सारखा केला.

"मी नळी कशी देईन? काल चतुर्थी होती. तुम्हीच म्हणालात ना, त्याला उपाशी ठेवायचंय? मग मी आपली उपवासाचीच दिली साबुदाण्याची खिचडी. थोडीशीच. वर एक रताळं."

उपासन्यांनी तोंड उघडलं. मग त्यांना आठवलं की सकाळी निघताना बूथपाशी, निव्वळ हाताच्या सवयीने, दोन बिस्किटं त्यांनीही दिली होती. पैकी एक सदरने खाल्लं होतं, बहुधा त्यांचं मन राखायला. त्यांनी तोंड मिटलं.

सोसायटीच्या जिन्याशी काचेचा फलक आहे. त्यात मागे ट्यूबलाइट आहे, कारण एका माजी सचिवाला झगमगाट आवडे. तिथे परिपत्रक क्रमांक चौदा तीन वर्षं लागलेलं होतं. उपासन्यांनी कुलूप उघडलं, परिपत्रकाशेजारी पोटाची एक्स-रे फिल्म टाचली आणि खाली चिठ्ठी लावली: 'सदर श्वानाचे जठर, आज सकाळची स्थिती. आतली गाठ यामुळे दिसत नाही. माहितीस्तव.'

बस, एवढंच. कोणाचं नाव नाही, कारवाईचा इशारा नाही. ट्यूबलाइटवर फिल्म झकास उजळली.

लोक येत, थांबत, काचेला नाक लावत. जो तो त्या पांढुरक्या ढिगात आपला वाटा शोधत असावा, कारण पाहून झाल्यावर कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दुपारी चारनंतर उपासन्यांच्या घराची बेल वाजू लागली. बंगाली बाई आल्या आणि रडवेल्या होऊन म्हणाल्या की माशाचे काटे त्या नीट काढतात. केरळी जोडप्याने इडली कबूल केली, नवऱ्याने बायकोपासून लपवून दिलेली आणखी एक इडली त्याने वेगळी कबूल केली. हेमलताबाई सगळ्यांना चहा देत होत्या आणि साबुदाण्याबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या.

दिवेलागणीला खांबेटे आले. चहा नको म्हणाले. बसायलाही नको म्हणाले. मग बसले आणि चहा घेतला.

"उपासनी, ती नळी," ते म्हणाले.

"कोणती नळी?"

"उगाच सचिवासारखं बोलू नका. माझी आहे ती."

हेमलताबाई स्वयंपाकघरात गेल्या, पण फार आत नाही.

"डॉक्टरांनी प्रोटीन सांगितलं," खांबेटे म्हणाले. "ही होती तोवर धीर झाला नाही. आता आठवड्यातून एकदा मागवतो. एकट्याला संपत नाही. टाकायचं तर कचरेवाला बघतो. हा सदर... तो जिन्यात येऊन बसतो आणि कोणाला सांगत नाही."

"मग अकरा तक्रारपत्रं?"

"ती संशय येऊ नये म्हणून. माझ्यावर, म्हणजे." त्यांनी कप खाली ठेवला. "त्याला काही झालं तर नळीमुळे होईल का हो?"

"नाही. गाठ आहे. नळीमुळे ती दिसली नाही, इतकंच."

"इतकंच कसं? कमीच आहे का ते?" खांबेटे उठले. "उद्या मी येतो बरोबर."

त्या रात्री सदरचा मुक्काम उपासन्यांच्या गॅलरीत पडला. बिस्किटांचा डबा हेमलताबाईंनी कपाटात ठेवून किल्ली नवऱ्याला दाखवून कमरेला लावली, आणि कपाटाची दुसरी किल्ली उपासन्यांनी आपणहून त्यांच्याकडे दिली. सोसायटीत कोणी कोणाला काही सांगितलं नाही, पण पहिल्या मजल्यावरची वाटी आत गेली होती.

सकाळी तिघं आणि सदर एका ऑटोत बसून गाझियाबादला पोहोचले. या वेळी पडद्यावर धुकं नव्हतं. रेवतीने टोक टेकवलं आणि एकेक अवयव शांतपणे समोर येत गेला. "हे लिव्हर, एकदम क्लीन. ही किडनी. आणि हे बघा." मोसंब्याएवढा एक गोळा होता, आत काळ्या खळग्या असलेला. सदर उताणा पडून छताच्या पंख्याकडे पाहत होता.

"चांगली आहे की वाईट, ते फोटोत नाही कळत काका. काढल्यावरच कळेल. पण काढायला तर पाहिजेच. मला विचाराल तर आजच." तिने एक कागद पुढे केला. "भूल द्यायची म्हणजे रिस्क असते. इथे ओनरची सही. आणि यार काका, या वेळी नॉट अॅप्लिकेबल नाही चालणार. टेबलावर काही कमी-जास्त झालं तर मी कोणाला विचारू? कोणीतरी त्याचं असायला पाहिजे ना?"

उपासन्यांनी कागद घेतला, चष्मा पुसला आणि पेन उघडलं. मग चौतीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालला: 'उपरोक्त प्रस्ताव मान्यतेसाठी सादर.' खाली डाव्या कोपऱ्यात आखूड सही, तारीख. आणि कागद त्यांनी पुढे धरला.

तो कोणीच घेतला नाही. हात तसाच हवेत राहिला.

"अहो, कोणाला देताय?" हेमलताबाई म्हणाल्या.

उपासन्यांनी खांबेट्यांकडे पाहिलं.

"माझ्याकडे नका बघू," खांबेटे म्हणाले. "ऑडिट निर्णय घेत नसतं. तुम्ही घेतलात की आम्ही त्यात चुका काढतो."

उपासन्यांनी हात मागे घेतला. इतक्या फायली गेल्या हातांखालून, पण प्रत्येकीवर त्यांच्या सहीच्या वर आणखी एक सही असे, आणि तिच्यामुळे त्यांना रात्री झोप लागे. इथे वर फक्त दवाखान्याचं नाव आणि मांजराचं एक चित्र होतं. सही केली आणि सदर टेबलावरच दगावला, तर ते त्यांच्या सहीने झालं असेल. नाही केली आणि जिन्यात गेला, तर तेही त्यांच्याच हातून झालं असेल. फक्त कागदावर दिसणार नाही. असं न दिसणारं पुष्कळ त्यांनी आयुष्यात केलेलं होतं.

भादरलेल्या गुलाबी पोटाचा सदर टेबलावरून त्यांच्याकडे बघत होता. शेपूट एकदा हललं. बिस्किटाची वेळ झाली होती.

उपासन्यांनी 'मान्यतेसाठी सादर' वर आडवी रेघ मारली, रेघेवर रीतसर आद्याक्षरं घातली आणि ओनरच्या रकान्यात पूर्ण नाव लिहिलं. उल्हास उपासनी. इतकी लांब सही त्यांनी लग्नानंतर केली नव्हती.

"आणि पेशंटचं आडनाव दुरुस्त करून घ्या," ते म्हणाले.

दीड तास तिघं बाहेर बाकावर बसले. खांबेट्यांनी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचून त्यात दोन चुका काढल्या. हेमलताबाईंनी त्यांना काढू दिल्या. मग पुकारा झाला: "सदर उपासनी!" आणि उपासनी इतक्या झटकन उठले की चष्मा पडला.

गोळा निघाला होता, आणि आठवड्याने त्याचा अहवाल आला: साकळलेल्या रक्ताची साधी गाठ. पुढे पसरणारं काही नाही. टाके काढल्याच्या दुसऱ्या दिवशी उपासन्यांनी दुधाच्या बूथमागे बिस्किट हवेत उडवलं. ते कुठे पडलं हे पाहायला ते खाली वाकले. कुठेच पडलं नव्हतं.

त्या शनिवारी त्यांनी फलकाचं कुलूप उघडलं. परिपत्रक क्रमांक चौदा उतरवलं आणि पंधरा लावलं: 'सदर श्वान हे फ्लॅट क्र. ३०२ मधील उपासनी यांच्या मालकीचे आहे. खाद्यपदार्थ द्यावयाचे झाल्यास मालकास कळवून द्यावेत. हाडे देऊ नयेत.' दहा-बारा माणसं जमली होती. एक्स-रेची फिल्म मात्र त्यांनी जागेवरच ठेवली, तिच्याकडे बोट केलं, आणि बरेच दिवस राखून ठेवलेलं वाक्य अखेर माणसांसमोर म्हटलं. माणूस असो, संस्था असो किंवा राष्ट्र असो. या वेळी पाय वर न करता सगळ्यांनी ते ऐकलं. बंगाली बाईंनी डोळे पुसले. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

मंडळी पांगली. खांबेटे रेंगाळले. जिना रिकामा झाल्याची त्यांनी खात्री करून घेतली, सदरच्या कानामागे थोडं खाजवलं आणि मग जवळ आले.

"भाषण उत्तम झालं, उपासनी. आतून पाहावं लागतं वगैरे. मला अगदी पटलं."

"आभारी आहे."

"ही फिल्म अजून किती दिवस ठेवणार आहात?"

"कायमची. आपल्या सोसायटीचा आरसा आहे तो."

"असू दे, असू दे. काढा असं मी म्हणत नाहीये." खांबेट्यांनी खिशातून चिकटपट्टीचं छोटं रीळ काढून पुढे केलं. "फक्त त्या नळीवर तेवढा एक तुकडा लावता का? उद्या नागपूरहून मेहुणी येतेय, आणि ती फलक वाचल्याशिवाय जिना चढत नाही."